रजस्वला देवी आणि बाहेर बसलेली बाई

भाद्रपद जवळ आला की औषधाच्या दुकानात बायका हळू आवाजात एक गोळी मागतात. नॉरएथिस्टेरॉन हे तिचं औषधी नाव, पण घरोघरी ती 'पाळी पुढे ढकलायची गोळी' म्हणूनच माहीत आहे. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची आणि मूळ नक्षत्रावर गौरी जाईपर्यंत घेत राहायची. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. काहींना मळमळतं, काहींचं डोकं दुखतं. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊन गेला आहे त्यांनी तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. तरीही घेतली जाते, कारण गौरी यायच्या असतात आणि पुरणावरणाचं करणारं दुसरं कुणी नसतं. गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. एका लेकीचा पाहुणचार करण्यासाठी दुसरीने आपल्या शरीराचं चक्र थांबवायचं, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याची नोंदही कुणी घेत नाही.

त्याच आठवड्यात ऋषिपंचमी येते. बैलाच्या कष्टाचं न खाण्याचं हे व्रत, पाळीच्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून करतात. त्याच्या कहाणीतली बाई विटाळात स्वयंपाकघरात वावरल्यामुळे पुढच्या जन्मी कुत्री होते आणि तिचा नवरा बैल. फेब्रुवारी 2020 मध्ये गुजरातमधल्या भुजच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात साठांहून अधिक मुलींना, कुणाला पाळी आली आहे हे तपासण्यासाठी, अंतर्वस्त्रं काढायला लावली गेली. त्याच दिवसांत भुजच्याच एका साधूंचं प्रवचन सगळीकडे पसरलं. पाळीत स्वयंपाक करणारी बाई पुढच्या जन्मी कुत्री होते, असं ते सांगत होते. कहाणी जुनी असली तरी तिची सत्ता जुनी झालेली नाही.

या सगळ्याला उत्तर म्हणून गेली काही वर्षं एक वेगळा सूर ऐकू येतो: पाळी ही लाज नाही, शक्ती आहे. ते चार दिवस स्वतःत उतरण्याचे आहेत, बाईपणाचा मान त्यातूनच सुरू होतो. या विचाराची शिबिरं होतात, पुस्तकं येतात, पुण्या-मुंबईत बायका गोल करून बसतात आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पाळीविषयी मोठ्याने बोलतात. मला हा सूर मनापासून जवळचा वाटतो. म्हणूनच तो कुठून आला आणि त्यातलं किती आपल्याला पेलणारं आहे, हे नीट पाहायला हवं.

विटाळाची सगळ्यात जुनी गोष्ट तैत्तिरीय संहितेत आहे. इंद्राने त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप याला मारलं, ब्रह्महत्येचं पाप लागलं, ते त्याने वाटून टाकलं. एक वाटा पृथ्वीने घेतला, एक झाडांनी, एक बायकांनी. पृथ्वीला भेगा पडल्या, झाडांतून डिंक पाझरू लागला, बायकांना रज आलं. प्रत्येकीने बदल्यात वर मागून घेतला. पृथ्वीच्या भेगा भरून येतात, तोडलेलं झाड पुन्हा फुटतं, बाईला संतती मिळाली. ही गोष्ट सांगणाऱ्यांनी पुढे बाईने त्या दिवसांत काय करू नये याची लांब यादी लावली. पण गोष्टीत पाप इंद्राचं आहे. बाईने दुसऱ्याचा भार उचलला, आणि ज्यांनी उचलला त्या तिघीही जग पोसणाऱ्या आहेत. हा अर्थ कहाणीत उघड दिसत असूनही परंपरेने तो हाती घेतला नाही.

धर्मशास्त्राचंही एकच एक म्हणणं नाही. एकीकडे रजस्वलेला शिवू नये, तिच्याशी बोलू नये, असे नियम आहेत. दुसरीकडे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रजाने स्त्री शुद्ध होते असं म्हटलं आहे, वसिष्ठ आणि बौधायनांच्या सूत्रांतही महिन्याच्या महिन्याला येणारं रज बाईचे दोष धुऊन नेतं असा विचार आहे, आणि याज्ञवल्क्य तर सोमानेच स्त्रियांना शुद्धता दिली असं सांगतो. एकाच ग्रंथपरंपरेत रज हे मळ आहे आणि रज हेच मळ धुणारं पाणीही आहे. व्यवहारात पहिलं उरलं, दुसरं श्लोकात राहिलं.

महाभारतातला एक प्रसंग मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा ती रजस्वला होती, एका वस्त्रात होती. तिथे भीष्म, द्रोण, विदुर बसलेले. त्या सभेत तिने धर्माचा प्रश्न विचारला: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला? भीष्मांना उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे हा प्रसंग विटंबनेचा म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण त्या ग्रंथातला सगळ्यात धारदार कायद्याचा प्रश्न पाळी आलेल्या बाईने, त्याच अवस्थेत, भर सभेत विचारला आहे. रजस्वलेची बुद्धी आणि वाणी त्या दिवसांत मंद होते असं मानणाऱ्यांनी हे पान उघडावं.

देवीच्या पाळीचे उत्सव हा या प्रश्नातला सगळ्यात समृद्ध भाग. गुवाहाटीजवळच्या नीलाचल टेकडीवरच्या कामाख्येच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. खडकात योनीच्या आकाराची भेग आहे आणि झऱ्याचं पाणी तिला सतत ओलं ठेवतं. आजचं देऊळ कोच राजा नरनारायणाने 1565 मध्ये पुन्हा बांधलं. जूनमध्ये, अंबुबाचीला, देवी तीन दिवस रजस्वला असते. देऊळ बंद, नांगर बंद. चौथ्या दिवशी दार उघडतं आणि लाखो लोक लाल कापडाचा तुकडा प्रसाद म्हणून नेतात. केरळात चेंगन्नूरच्या देवीच्या वस्त्रावर डाग दिसला की तिला तीन दिवस वेगळं ठेवतात आणि चौथ्या दिवशी हत्तिणीवरून पंपा नदीवर स्नानाला नेतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या तुळुनाडूत फेब्रुवारीत केड्डस हा भुईच्या पाळीचा सण असतो, तीन दिवस तिला लोखंड लावत नाहीत आणि शेवटी बायका तिला तेल-कुंकू वाहतात. मात्र कामाख्येच्या दारात, जिथे देवीच्या रजाचा प्रसाद वाटतात, तिथे पाळी आलेल्या बाईने पाऊल ठेवायचं नसतं. हा एक तपशील मला फार बोचतो. देवीला जे भूषण, ते तिच्या लेकीला अडचण.

ओडिशाचा रज उत्सव याला अपवाद आहे, म्हणून त्याच्याकडे थांबून पाहायला हवं. मिथुन संक्रांतीच्या आगेमागे, जूनच्या मध्यावर, पहिल्या पावसाच्या तोंडावर पृथ्वी तीन दिवस रजस्वला होते. आदल्या दिवशी सगळी तयारी उरकून घेतात, कारण नंतर दळणकांडण नाही, वाटण नाही, नांगरणी-खणणं नाही. मुली नवे कपडे घालतात, पायांना अळता लावतात, पान खातात, आणि आंब्या-वडाच्या फांद्यांना बांधलेल्या झोपाळ्यांवर दिवसभर झुलतात. अनवाणी भुईवर चालायचं नाही, तिला दुखेल म्हणून. तांदूळ, गूळ, खोबरं घालून मंद आचेवर रात्रभर भाजलेला पोडपिठा आधीच करून ठेवलेला असतो, म्हणजे चुलीपाशी बसणं नको. चौथ्या दिवशी वसुमती स्नान: ज्या पाट्यावर वर्षभर वाटायचं, त्यालाच भुई मानून हळद लावून न्हाऊ घालतात, फुलं वाहतात, शेंदूर लावतात. फ्रेडेरिक आप्फेल-मार्ग्लिन या अभ्यासक बाईंनी पुरीकडच्या खेड्यांत राहून या उत्सवावर विस्ताराने लिहिलं आहे. पृथ्वी, देवी आणि बाई या तिघींचा विसावा तिथे एकच मानला जातो, हे त्यांच्या लिखाणातून कळतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथे मान फक्त शब्दांत नाही. पाटा खरोखर उचलून ठेवला जातो, बाईचं काम खरोखर थांबतं, आणि ते थांबलं म्हणून पुरुष कुरकुरत नाहीत, कारण त्यांचाही नांगर थांबलेला असतो. शक्तीचा अनुभव यायचा तर आधी अंगाला उसंत हवी, हे ओडिशातल्या शेतकऱ्यांनी ओळखलं होतं.

आपल्याकडेही खुणा आहेत. रा. चिं. ढेरे यांच्या 'लज्जागौरी' या ग्रंथाने त्या एकत्र बांधल्या. तेरसारख्या ठिकाणी सापडलेल्या, मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या उत्तान देवी, रेणुका-यल्लम्मा, वारूळ हेच देवीचं रूप. गोव्यात आजही सांतेरी वारुळाच्या रूपाने गाभाऱ्यात पुजली जाते. भुईचा, गर्भाचा हा सन्मान आपल्या मातीतलाच आहे, तो कुठून आणावा लागत नाही.

आणि न्हाणाचा सोहळा. मुलीला न्हाण आलं की मखरात बसवायचं, हळद लावून न्हाऊ घालायचं, नवं लुगडं, ओटी, गोडाचं जेवण, शेजारपाजारच्या बायकांची गाणी. आसामात तुलनी बिया, तमिळ घरांत मंजळ नीराट्टू, हे त्याचेच भाऊबंद. आज काही जण हा सोहळा पुन्हा करावा म्हणतात. त्यांना मी एका गोष्टीची आठवण करून देईन. ज्या काळात मखर सजत होतं त्या काळात लग्न आधीच झालेलं असे, आणि न्हाण म्हणजे मुलगी नवऱ्याकडे पाठवायला तयार झाल्याची दवंडी. 1891 साली संमतिवयाचा कायदा आला, त्याने वय दहावरून बारा केलं, एवढंच. तरी पहिल्या ऋतूलाच गर्भाधान झालं पाहिजे, कायदा धर्मात ढवळाढवळ करतो, असा मोठा विरोध झाला आणि टिळक त्या विरोधाच्या आघाडीवर होते. म्हणजे तेव्हा पाळीचा गौरव मुलीच्या शरीरावरचा हक्क सांगायलाच वापरला गेला. मखर पुन्हा मांडायचं असेल तर त्यातली मुलगी कुणासाठी बसली आहे, हे आधी ठरवावं लागेल.

तंत्रमार्गातल्या रजाच्या पूजेबद्दलही माझा हाच आक्षेप आहे. कौल पंथाच्या तांत्रिकांनी रज पवित्र मानलं, बंगालच्या बाउलांनी त्या तीन दिवसांत परमतत्त्व देहात उतरतं असं मानून साधना बांधली. विचार धाडसी आहे, विटाळाच्या कल्पनेला मुळापासून उलटवणारा. पण बहुतेक ग्रंथांत साधक पुरुष आहे, सिद्धी त्याची आहे, बाई त्याच्या साधनेची सामग्री. तिला स्वतःला काय जाणवलं, हे क्वचितच कुणी लिहून ठेवलं.

तिला काय जाणवलं, याचं एक लख्ख उत्तर अमेरिकेतून मिळतं. 1988 मध्ये निघालेल्या 'ब्लड मॅजिक' या मानववंशशास्त्रीय संग्रहात थॉमस बकली यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरोक लोकांबद्दल लिहिलं आहे. तिथल्या बायका पाळीत वेगळ्या राहत, आणि आधीच्या अभ्यासकांनी ते विटाळ म्हणून नोंदवलं होतं. बकलींना भेटलेल्या एका युरोक बाईचं सांगणं अगदी उलट होतं: या दिवसांत बाई आपल्या सामर्थ्याच्या शिखरावर असते, म्हणून तिने किरकोळ कामांत वेळ घालवू नये, स्वतःच्या आयुष्याचा अर्थ शोधण्यात घालवावा. पुरुष घामघरात जी साधना करत, तिच्या तोडीची ही साधना होती. शेजारच्या हूपा लोकांचा मुलीच्या पहिल्या पाळीचा फुलनाच गोऱ्यांच्या आक्रमणात मोडून पडला होता, तो या शतकाच्या सुरुवातीला हूपा बायकांनीच पुन्हा उभा केला. कच्चा रिसलिंग बाल्डी यांनी 2018 च्या पुस्तकात त्याची हकीकत सांगितली आहे. नवाहोंच्या किनाल्डा या पहिल्या पाळीच्या सोहळ्यात मुलगी चार दिवस रोज पूर्वेकडे धावते आणि दरवेळी थोडी पुढे जाते, सोहळ्याच्या शेवटी मक्याचा मोठा केक जमिनीतल्या खड्ड्यात भाजून तिच्या हातून सगळ्यांना वाटला जातो. मुलीचं बळ इथे धावण्यात आणि वाटण्यात दिसतं.

आजच्या शिबिरांची भाषा मात्र बरीचशी इंग्लंड-अमेरिकेतल्या स्त्रीवादी अध्यात्मातून आली आहे. पेनेलोपी शटल आणि पीटर रेडग्रोव्ह यांचं 'द वाइज वुंड' 1978 चं, मिरांडा ग्रे यांचं 'रेड मून' 1994 चं, आणि अनिता डायमंट यांची 'द रेड टेंट' ही कादंबरी 1997 ची. या कादंबरीवरूनच बायकांच्या मेळाव्यांना 'रेड टेंट' हे नाव पडलं. क्रिस बोबेल यांनी 2010 च्या 'न्यू ब्लड' या अभ्यासात या प्रवाहाची सहानुभूतीने पण काटेकोर तपासणी केली. पाळीशी मैत्री करा, असं हे स्त्रीवादी अध्यात्म सांगतं, पण बाईपण आणि पाळी एकच मानलं की काही जणी बाहेर पडतात. आपल्याकडे तर त्यांची संख्या मोठी आहे: पाळी गेलेल्या, पिशवी काढलेल्या, कधी न आलेल्या, आणि तृतीयपंथी बायका. त्या कमी बाई नाहीत.

भारतात याच्या जोडीला आणखी एक मांडणी आली आहे: दूर बसण्याचे जुने नियम शास्त्रीयच होते, अपान वायू खाली वाहतो म्हणून देवळात जाऊ नये, वगैरे. सिनू जोसेफ यांचं 2020 चं 'ऋतुविद्या' हे त्यातलं सगळ्यात सविस्तर पुस्तक. आयुर्वेदाने रजस्वलेला विश्रांती सांगितली आहे हे खरं. पण विश्रांतीचा सल्ला आणि प्रवेशबंदी या दोन गोष्टी एका वायूच्या नावाने जोडता येत नाहीत. चंद्राशी पाळी जुळते, एकत्र राहणाऱ्या मुलींच्या पाळ्या जुळतात, हेही शिबिरांत छातीठोकपणे सांगतात. मार्था मॅक्लिंटॉक यांनी 1971 मध्ये वसतिगृहातल्या मुलींवरून हा दुसरा निष्कर्ष मांडला होता, नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. श्रद्धेला अशा कच्च्या आधाराची गरज नसते, आणि आधार निसटला की मुलींचा विश्वासही निसटतो.

आता ज्या धाग्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. मराठी मुलुखात या प्रश्नाला एक वेगळंच उत्तर सातशे-आठशे वर्षांपासून उभं आहे, आणि शक्तीच्या सगळ्या मांडण्यांपेक्षा ते मला जास्त भक्कम वाटतं. बाराव्या शतकात शेजारच्या कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांनी जी पाच सूतकं नाकारली त्यांत पाळीचं रजःसूतक होतं. इष्टलिंग गळ्यातच असतं, म्हणून लिंगायत बाईची पूजा कुठल्याही दिवशी थांबायचं कारण नाही. सोलापूर-लातूरकडच्या घरांत हा वारसा आहे. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी, लीळाचरित्रात नोंद आहे त्याप्रमाणे, नाका-डोळ्यांतून जसा मळ येतो तसाच हाही एक शरीराचा स्राव, येतो आणि थांबतो, त्याचा विटाळ धरू नये, असं स्वच्छ सांगितलं. त्यांच्याभोवती शिकणाऱ्या बायकांतूनच महदाइसा आली, मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री.

आणि चौदाव्या शतकात सोयराबाई. चोखामेळ्याची बायको, मंगळवेढ्याच्या महारवाड्यातली. तिला विटाळ दुहेरी: जातीचा बारमाही, पाळीचा महिन्याचा. तिने अभंगात विठ्ठलालाच जाब विचारला. देह विटाळातूनच जन्मतो, विटाळावाचून कुणाचाच देह नाही, मग सोवळा कोण? हा प्रश्न ब्राह्मणाच्या देहालाही लागू होतो आणि गाभाऱ्यातल्या पुजाऱ्याच्याही. सोयराबाई पाळीला दैवी ठरवत नाही, घाणही म्हणत नाही. देव आणि तिच्यामध्ये ती पाळीला उभंच राहू देत नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबरीमलाची दहा ते पन्नास वयाच्या बायकांवरची बंदी चार विरुद्ध एक मताने उठवली, तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी पाळीवरून बाहेर ठेवणं म्हणजे अस्पृश्यताच, असं म्हटलं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं वेगळं मत पडलं, आणि 2019 मध्ये धर्मस्वातंत्र्याचे व्यापक प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेले. जातीचा आणि पाळीचा विटाळ एकच आहे, हे सोयराबाईने सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

या कसोटीवर आजचं चित्र पाहिलं तर शक्तीची भाषा काही ठिकाणी जड जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दहातल्या साधारण एकीला एंडोमेट्रिओसिस असतो आणि तो अनेकींना असह्य दुखतो. अशा बाईला 'वेदनेचं स्वागत कर' म्हणणं क्रूर आहे, तिला डॉक्टर हवा. बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक दिवस चुकला की मुकादम खाडा लावतो. फडावर न्हाणी नाही, पाणी नाही. राज्य सरकारच्या समितीने 2019 मध्ये तिथल्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी केली तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीमुळे मजुरी बुडू नये म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बाईपुढे चक्राच्या ऊर्जेबद्दल बोलायला माझी जीभ धजत नाही.

गडचिरोलीत माडिया-गोंड गावांबाहेरची, पाळीत बायकांनी राहायची कुर्मा घरं हा याहून गुंतागुंतीचा प्रश्न. मोडकी झोपडी, दार नाही, पावसात गळती, विंचूकाट्याचं भय. त्यात मृत्यूही झाले आहेत. नेपाळात अशाच छाउपडीच्या प्रथेला 2017 च्या कायद्याने शिक्षा ठेवली. गडचिरोलीत काही गावांनी आणि संस्थांनी वेगळी वाट घेतली: मोडक्या कुर्माच्या जागी पक्की घरं बांधली, संडास, न्हाणी, पलंग, दिवे केले, त्यांना महिला विसावा केंद्र म्हटलं. काही कार्यकर्त्यांना यात प्रथेला सिमेंटची मजबुती दिसते. तिथल्या अनेक बायकांना मात्र रानातल्या आणि घरातल्या कामातून चार दिवस सुटका हवीच आहे, ती त्या झोपडीच्या हालांसह नको आहे. मी दोन्ही बाजू ऐकते आणि एकच गोष्ट विचारते: पाळी आलेली असताना एखादी तिथे न जाता घरीच राहिली तर गाव तिला दंड करतं का? दंड होत असेल तोवर पक्कं घरसुद्धा बंदीगृह आहे. ज्या दिवशी दंड थांबेल त्या दिवशी ते घर युरोक बायकांच्या एकांताच्या जवळ जाईल.

वारीच्या वाटेवर अलीकडे राज्य महिला आयोगाच्या 'आरोग्यवारी'त सॅनिटरी पॅड मिळू लागले, हे मला सोयराबाईने दाखवलेल्या दिशेचं चांगलं पाऊल वाटतं. विठ्ठलाकडे चालत निघालेल्या बाईला पाळी येणारच, आणि तरी ती चालत राहणार, हे सरकारी कागदावर मान्य झालं.

या विषयावरच्या लिखाणात एक मोठी पोकळी आहे, ती मराठीत भरून निघू शकते. तैत्तिरीय संहितेपासून तंत्रापर्यंत जवळजवळ सगळं पुरुषांनी लिहिलं, नंतरचं बरंचसं बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी. बाहेर बसलेल्या बायकांनी त्या चार दिवसांत काय केलं, हे फारसं कुणी विचारलं नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आज्या-मावश्यांना न्हाणाची गाणी अजून येतात. पडवीत वेगळ्या घोंगडीवर बसून त्यांनी गोधड्या शिवल्या, पोथी कानाने ऐकली, शेजारच्या घरातल्या बाहेर बसलेल्या सुनेशी दुरूनच गप्पा मारल्या. काहींना तेवढीच झोप मिळाली, काही अपमानाने जळल्या, आणि बऱ्याच जणींच्या वाट्याला दोन्ही आलं. त्या दिवसांत देवाचं नाव घेतलंत का, घेताना भीती वाटली का, कुणी रागावलं का, हे प्रश्न त्यांना नावानिशी, तारीखवार, त्यांच्या बोलीत विचारून घेणं आता ठरवून करावं लागेल. विद्यापीठांच्या स्त्री-अभ्यास केंद्रांनी हे काम हाती घ्यावं, आणि ज्यांच्या घरात अशी आजी आहे त्यांनी केंद्राची वाट पाहू नये.